कोणता क्लास घेऊ?

“मामा, कोणता क्लास घेऊ?” भाच्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मी भिलाईत धाकट्या बहिणीच्या घरी मुक्कामाला होतो. पुढ्यात अनुवादाची कच्ची प्रत पसरलेली होती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय तपासावयाचा होता, आणि त्यातील एका वचनाशी माझी दोन दिवस झुंज चालली होती. भिलाईत ‘क्लास’ या शब्दाचा अर्थ एकच. दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच जेथे मुलाच्या कोचिंगचे पैसे भरले जातात, त्या गावात सोळा वर्षांच्या मुलाने क्लासविषयी विचारले तर वडीलधाऱ्याने काय समजावे? मी पेन खाली ठेवले आणि पदार्थविज्ञान, गणित, आयआयटीची परीक्षा, मनाचा कल व आईबापांची ऐपत यांवर पाच-दहा मिनिटे बोललो. त्याने निमूटपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “ते नाही हो मामा. गेममधला क्लास.”

माझ्या वयाच्या ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नातवंडे असलेल्यांना बहुधा सांगावे लागणार नाही. या खेळांत खेळणारा एका काल्पनिक जगात एखादे पात्र होऊन वावरतो. आरंभीच त्याला ठरवावे लागते की आपण योद्धा व्हावे, जादूगार व्हावे, चोर व्हावे की वैद्य. या निवडीला ‘क्लास’ म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा तो कागद, पेन्सिल व फासे घेऊन मेजाभोवती बसून खेळावयाचा होता. त्यात तीनच क्लास होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू. धर्मगुरूला धारदार शस्त्र बाळगण्याची मनाई होती, हे वाचून मला गंमत वाटली. आमच्या पाळकवर्गातील काही जिभा या नियमात बसणार नाहीत. पुढे हे खेळ संगणकावर आले. त्यांत सर्वांत गाजलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ साली निघाला तेव्हा त्यात नऊ क्लास होते. देशोदेशीची माणसे आपापल्या घरी बसून त्यात एकाच वेळी खेळतात. सर्वसाधारण मोहिमेला पाच जण लागतात : एक जण शत्रूचे घाव अंगावर घेतो, एक जण जखमा बऱ्या करतो, आणि तिघे प्रहार करतात. घाव घेणाऱ्याला मुले ‘टँक’ म्हणतात, बरे करणाऱ्याला ‘हीलर’. घाव, प्रहार व उपचार या त्रयीला खेळाडू ‘पवित्र त्रैक्य’ अशा अर्थाचे नाव देतात हे ऐकून मी चमकलो. रागवावे असे प्रथम वाटले. नंतर वाटले, जगाने आपल्याकडून शब्द उसने नेले आहेत, ते परत मागून काय मिळणार?

बहिणीची तक्रार निराळी होती. हीलर होण्यापूर्वी चिरंजीवांनी जो क्लास घेतला होता त्याचे इंग्रजी नाव ‘रोग’, म्हणजे ठक, पाठीमागून सुरा खुपसणारा. मुलगा मित्राला फोनवर सांगत होता, “मी रोग घेतलाय,” आणि माउलीच्या हातचे लाटणे खाली पडले. रोगाचा खुलासा झाल्यावर तिला अधिकच वाईट वाटले. “दादा, आजार परवडला. ख्रिस्ती घरातला मुलगा, आणि हौसेने चोर होतो?”

तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही; मंडळीने तो फार पूर्वीपासून विचारलेला आहे. इ. स. २०० च्या सुमारास तर्तुलियनाने नाटके व तमाशे यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्याचा एक मुद्दा असा की सत्याचा जो कर्ता आहे त्याला खोटा आवाज, खोटे वय, खोटे अश्रू रुचणार नाहीत. या न्यायाने प्रत्येक सोंग पापच ठरेल. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने मात्र विसाव्याची व खेळाची माणसाच्या मनाला गरज आहे असे म्हणून नटाचा धंदा स्वभावतः पापमय नाही असा निर्वाळा दिला. मी अक्वायनसच्या बाजूचा आहे, आणि त्याला माझ्या धंद्यातले एक कारण आहे. शुभवर्तमानात ज्यांना आपण ‘ढोंगी’ म्हणून वाचतो त्यांच्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘हुपोक्रितेस’, आणि त्याचा साधा अर्थ नट. नटाचा मुखवटा रंगमंचावर कोणालाही फसवीत नाही, कारण तो मुखवटा आहे हे सर्वांना ठाऊक असते. प्रभूने ज्यांना फटकारले ते मुखवटा घालून रस्त्यावर फिरत होते. तेव्हा माझ्या भाच्याने पडद्यावर चोर व्हावे याने मला झोप न येण्याचे कारण नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती गटांनी हे खेळ सैतानी ठरवून मोठे काहूर माजविले. त्यांचे लक्ष पात्रांच्या शिंगांकडे होते, खेळणाऱ्या मुलांकडे फारसे नव्हते.

मी बहिणीला एवढेच म्हणालो की चोर गेला, आता तो बरे करणारा झाला आहे, तुला आनंद व्हावा. पण मुलगा माझ्याकडे आला होता तो हाच क्लास सोडावयाचा म्हणून. “हीलरमध्ये काय कमी आहे?” मी विचारले. तो पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरू लागला. हळूहळू गोष्ट बाहेर आली.

पाच मुलांचा त्यांचा गट होता. त्यांपैकी चौघे टाउनशिपमधील, म्हणजे कारखान्यात कायम नोकरीवर असलेल्यांचे मुलगे. पाचवा कॅम्पच्या बाजूला राहणारा; त्याचे वडील त्याच कारखान्यात, पण ठेकेदाराकडे. तो टँक होता. त्याचा फोन जुना, इंटरनेट मंद; मोहिमेत तो मागे पडे, चुकीच्या क्षणी थबके, आणि इतर चौघांची फजिती होई. एका रात्री दोघांनी भाच्याला वेगळा संदेश पाठविला : याला आता काढून टाकू, पण तोंडावर कसे सांगणार? पुढच्या झुंजीत भाच्याने काहीच केले नाही. बरे करण्याची कळ बोटाखाली होती. ती त्याने दाबली नाही. टँक पडला. मग सर्वांनी मिळून त्यालाच दोष दिला की तू खेळू शकत नाहीस. त्या रात्रीपासून तो मुलगा गटात आला नाही. “मामा, मी त्याला मरू दिलं,” भाचा म्हणाला, आणि लगेच स्वतःच पुस्ती जोडली, “म्हणजे, गेममध्ये.”

वाचकांनी या ‘म्हणजे, गेममध्ये’पाशी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. पडद्यावरचे मरण मरण नव्हते. ते पात्र अर्ध्या मिनिटात उठून उभे राहते. मग खरे काय होते? ऑगस्टीनने आपल्या कबुलीग्रंथात कार्थेजमधील तारुण्याच्या दिवसांविषयी लिहिले आहे. तो नाट्यगृहात जाऊन खोट्या दुःखांवर अश्रू ढाळी. पुढे त्याने स्वतःला विचारले : ही कसली दया? येथे प्रेक्षकाला मदतीला बोलावलेले नसते, केवळ हळहळण्यासाठी बोलावलेले असते. नाटकाविषयीचा हा आक्षेप खोल आहे. पण तो या नव्या खेळांना लावून पाहिला तर पारडे फिरते. येथे मुलगा प्रेक्षक नाही. त्याला हळहळण्यासाठी नव्हे, तर मदतीसाठीच बोलावलेले आहे. पात्रे खोटी, तलवारी खोट्या, राक्षस खोटे. परंतु दुसऱ्या टोकाला बसलेला मुलगा खरा, आणि पाठीमागे कोणीतरी आहे या भरवशावर त्याने पुढे टाकलेले पाऊलही खरे. तो भरवसा मोडला तो खेळाबाहेर मोडला.

म्हणून माझ्या मते बहिणीची चिंता चुकीच्या जागी होती. चोर झालेला मुलगा कोणाचे फारसे वाईट करू शकत नव्हता. वैद्य झाल्यावरच त्याच्या हाती कोणाला तरी टाकून देण्याचे सामर्थ्य आले. क्लास चांगला की वाईट हे त्याच्या नावावरून कळत नाही. ज्याच्यावर इतर विसंबून असतात तोच विश्वासघात करू शकतो. यरीहोच्या रस्त्यावरील दाखल्यात लुटारूंविषयी प्रभू फार बोलत नाही. याजक व लेवी बाजूने निघून गेले हे मात्र नीट सांगतो.

मी त्याला विचारले, मुळात हीलर का झालास? उत्तर प्रामाणिक होते : हीलर कमी असतात, म्हणून रांगेत थांबावे लागत नाही आणि वर बक्षीसही मिळते. ही युक्ती नवी नाही. मोठ्या खेळांत योद्धे उदंड, घाव सोसणारे व बरे करणारे थोडे, अशी अडचण कायमचीच. म्हणून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०११ मध्ये ज्या भूमिकेची वानवा असेल ती घेणाऱ्याला जादा इनाम देणे सुरू केले. हे ऐकून मला करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय आठवला. देहाचे जे अवयव दुर्बळ वाटतात तेच अधिक आवश्यक आहेत आणि ज्यांना मान कमी त्यांना अधिक मान दिला जातो, असे पौल सांगतो. खेळ रचणारे आणि पौल एकच गोष्ट ओळखून होते की सगळेच डोळा होऊ पाहतील तर देह चालणार नाही. पण दोघांच्या उपायांत अंतर आहे. इनामामुळे उणी जागा भरते. ज्याची सेवा करावयाची त्याच्याशी मात्र इनामाचे नाते जोडले जात नाही. भाच्याला इनामाची पेटी मिळत होती ती टँक उभा राहिला म्हणून नव्हे, रांगेत नाव लावले म्हणून. आमच्या संस्थांत, आणि भीत भीत म्हणतो, आमच्या मंडळ्यांतही, सेवेच्या जागा याच रीतीने भरल्या जाताना मी पाहिल्या आहेत.

आता त्या पाचव्या मुलाकडे वळतो. ‘क्लास’ या शब्दाचा तिसरा अर्थ त्याच्या घरापाशी सुरू होतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. मराठी माणसांना हे गाव परके वाटले नाही, कारण हा प्रदेश भोसल्यांच्या अमलापासून नागपूरशी जोडलेला आणि १९५६ पर्यंत त्याचा राज्यकारभार नागपूरहूनच चाले. माझे वडील वर्धा जिल्ह्यातून आले. सेक्टरमधल्या एकाच ओळीत मल्याळी, बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी, मराठी अशी घरे. जातिपातीची भिंत येथे पडली असे वडील अभिमानाने सांगत, आणि ते बरेचसे खरे होते. पण तेथेच दुसरी भिंत उभी राहिली. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी अनेक वर्षे भिलाईत राहून अभ्यास केला. त्यांच्या २०२० साली निघालेल्या ग्रंथाच्या नावातच ‘श्रमाचे वर्ग’ असे शब्द आहेत. ज्यांच्याकडे ‘नोकरी’ आहे आणि ज्यांच्याकडे फक्त ‘काम’ आहे असे दोन निरनिराळे वर्ग येथे घडले असे ते दाखवितात. ठेक्यावरच्या मजुरांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच भिलाईत, रात्री झोपेत गोळी घालून मारले गेले. तेव्हा मी विशीत होतो. ‘त्या लोकांच्या भानगडी’ असे आमच्या सेक्टरमध्ये काही घरांतून म्हटले गेले, आमच्याही घरातून. चार मुलांनी पाचव्याला खेळातून काढले, ते खेळात शिकले असे मला वाटत नाही.

त्याच दिवशी भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. त्या प्रसिद्ध खेळात पात्राचा क्लास ठरवितात तसा वंशही ठरवितात. कोणी मनुष्य, कोणी ठेंगू, कोणी अन्य. २००९ पासून पैसे भरले की वंश बदलून मिळतो. नाव बदलते, पक्षही बदलतो. क्लास मात्र कितीही पैसे दिले तरी बदलत नाही. त्यासाठी नवे पात्रच घ्यावे लागते. आपल्या देशात हे नेमके उलटे आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत गावी कातडे कमावणाऱ्याचा मुलगा भिलाईला येऊन क्रेन चालवू लागला. धंदा एका दिवसात बदलला. जन्म काही बदलला नाही. बाप्तिस्मा घेतला तरी शेजाऱ्याच्या जिभेवर जात राहिली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत मात्र गेली. पुढे १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती दलितांना अद्याप नाही. ‘फायनल फँटसी’ मालिकेतील एका ऑनलाइन खेळात म्हणे हातातले शस्त्र बदलले की क्लास बदलतो, आणि एकच पात्र सर्व काही होऊ शकते. तंबू शिवणाऱ्या प्रेषिताला हा नियम पटला असता.

ज्या वचनाशी माझी झुंज चालली होती ते याच विषयाचे आहे. प्रत्येकाने ज्या पाचारणात त्याला बोलावणे झाले त्यात राहावे, असे पौल म्हणतो. मार्टिन ल्यूथरने पाचारण हा शब्द मठातून बाहेर आणला आणि चांभाराचे काम, दाईचे काम हेही देवाचे पाचारण आहे असे शिकविले; हे त्याचे मोठे उपकार. पण हेच वाक्य भारतात, विशेषतः गावकुसाबाहेरच्या माणसापुढे वाचून पाहावे. ते मनुस्मृतीसारखे ऐकू येते. लगेच पुढे पौल दासांविषयी लिहितो : तुला मोकळे होता येत असेल तर ‘त्याचा अधिक उपयोग कर’. कशाचा? मूळ ग्रीकमध्ये कर्मच नाही. स्वातंत्र्याचा उपयोग कर, की दास्याचा? क्रियापदाचा काळ स्वातंत्र्याकडे झुकतो, वाक्याची सुरुवात दास्याकडे ओढते, आणि विद्वान दोन्ही बाजूंना आहेत. मी ‘संधी मिळाल्यास मोकळा हो’ असा अर्थ घेतला. व्याकरणाच्या आधाराने घेतला असे मी समितीला सांगितले; केवळ व्याकरणाच्या आधाराने घेतला असे सांगितले नाही.

मग ज्याने आपला क्लास निवडलाच नाही त्याचे काय? वडिलांना क्रेनवर नेमले ते कोणा अधिकाऱ्याने त्यांची नजर चांगली आहे असे पाहून. त्यांना शाळामास्तर व्हावयाचे होते. पोलाद वितळविण्याच्या विभागात, धगीच्या वर टांगलेल्या त्या खोपटीत त्यांनी तीस वर्षे काढली, आणि ते काम आपल्याला आवडते असे कधी म्हणाले नाहीत. पण वितळलेल्या पोलादाचे भांडे आकड्याला लागले की खाली माणसे वावरत. ती मान वर करून पाहत नसत. वडिलांच्या आवडीनिवडीशी त्यांना कर्तव्य नव्हते. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. आजोबांना त्याने पाहिलेले नाही.

क्लास बदलण्यात गैर काही नाही हेही मी त्याला सांगितले. शौलाचे चिलखत दाविदाने अंगावर चढवून पाहिले आणि काढून ठेवले. ते वाईट नव्हते, त्याच्या सवयीचे नव्हते एवढेच. पण तुझे कारण दाविदाचे आहे का, असे विचारल्यावर त्याने मान हलविली. नवे पात्र घेतले म्हणजे त्या रात्रीचे पात्र आपण नव्हतोच असे होईल, ही त्याची अटकळ होती. येथे मी मामा म्हणून थोडा कठोर झालो असेन. “क्लास कोणताही घे,” मी म्हटले, “पण आधी तिकडे जाऊन ये.”

रविवारी उपासनेनंतर तो सायकल घेऊन कॅम्पकडे गेला. दोन तासांनी परतला. बहिणीने ताट वाढले. तो म्हणाला, जेवलो तिकडेच. मी काही विचारले नाही. रात्री मी कागद आवरीत असता तो दारात येऊन उभा राहिला.

“मामा, त्याला कळलंच नव्हतं. त्याला वाटलं, आपलंच नेट गेलं म्हणून मेलो.”

“मग? तू सांगितलंस?”

“सांगितलं.”

तो मुलगा त्यावर काय म्हणाला हे भाच्याने मला सांगितले नाही.